धागा: गाडी धुता धुताच रंगाची वाट कशी लागते (आपल्या बेळगाव पट्ट्यातली माती, बोअरचं पाणी आणि साखर कारखान्याची राख धरून)

शहापूर_पेठ

नवी गाडी दोन वर्षांत म्हातारी दिसायला लागली की दोष उन्हाला दिला जातो. ऊन रंग खातं हे खरं, पण त्याला बरीच वर्षं लागतात. दोन वर्षांत तेज गेलं तर बहुतेक वेळा ते फडक्याने नेलेलं असतं.

ओळखायचं कसं? रात्री मोबाईलची टॉर्च बॉनेटवर हातभर अंतरावरून धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल रेघांची जाळी दिसली तर ती धुण्यापुसण्याची करणी. या रेघा मुळात गोल नसतात. सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, त्यातल्या उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. त्यामुळे 'गोल घासू नका, सरळ घासा' हा सल्ला अर्धाच उपयोगी. सरळ घासलं तर रेघा सरळ पडतात आणि थोड्या कमी कोनांतून दिसतात, इतकंच.

आता रंग किती जाड असतो ते बघू. पत्र्यावर आधी गंज रोखणारा ई-कोट, साधारण २० मायक्रॉन. त्यावर प्रायमर ३० ते ४०. मग रंगाचा बेस कोट १५-२०. सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट ३५ ते ५०. सगळं मिळून कंपनीचा रंग १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपण ज्याला रोज घासतो तो क्लिअर कोट केसाहून पातळ आहे आणि जात प्लास्टिकची आहे. वाळूतली गारगोटी कडकपणाच्या मोहच्या मापात ७ भरते आणि काचेवर ओरखडा काढते. तिच्यापुढे या थराचं काय चालणार!

काही गाड्यांना, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगात, वरचा क्लिअर कोट नसतो. आडोशाच्या जागी थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं. फडक्यावर गाडीचा रंग आला तर क्लिअर नाही असं समजा. पांढऱ्या गाडीला काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात: फडकं कितीही मऊ घ्या, ओरखडा फडकं काढत नाही, फडकं आणि रंग यांच्यामध्ये सापडलेला कण काढतो. तो कण न घासता कसा काढायचा, यावर बोला. आपल्या पट्ट्यातली माती पंचवीस मैलांवर बदलते, तेव्हा जो ज्या भागातला त्याने त्या भागाचं लिहा.

खानापूरकर

लाल मातीचं मी घेतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडून पावसात आलेल्या गाडीचा दरवाजाखालचा तिसरा हिस्सा लाल झालेला असतो. जांभ्याची माती दिसते पिठासारखी, पण बोटांत चोळून बघा, खरखर लागते. लोहाचे कण आणि गारगोटी दोन्ही असतात तिच्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी आली तशी वाळू देणं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसणं. वाळलेला चिखल पाण्याने फुगायला वेळ लागतो. नळीने हलका फवारा मारून पाच-सात मिनिटं थांबा, परत फवारा मारा, मग धार. तीनदा पाणी मारल्याशिवाय हात लावायचा नाही. धार वरून खाली, पण चाकांच्या कमानीत खालून वर. तिथला चिखल शेवटी सुटला तर धुतलेल्या दरवाजावर परत ओघळ येतात, म्हणून कमानी आधी.

दुसरं, दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. लाल चिखलाने ती बुजली की पाणी आत राहतं आणि पत्रा आतून गंजतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा अगरबत्तीच्या काडीने मोकळी करा. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, आतला रंग उडाला की गंजाला आपणच दार उघडून दिलं.

आणि 'पाऊस पडतोय, आपोआप धुऊन निघेल' हे डोक्यातून काढा. वरून पडणारं पाणी स्वच्छ असेल, पण पुढच्या लॉरीच्या चाकाखालून येतं ते नव्हे.

अथणी_काळं_रान

आमच्याकडे उलटं. काळी माती बारीक, चिकट. ओली असली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकून पोपडे धरते. पोपडा दिसला की नखाने उपसायचा मोह होतो. उपसू नका! काळ्या रानात चुनखडीचे बारीक खडे असतात, ते पोपड्याच्या पोटात बसलेले असतात आणि निघताना रंगावरून घसरत निघतात. ओलं गोणपाट नको, जुनं सुती धोतर भिजवून पोपड्यावर दहा मिनिटं नुसतं ठेवा. दाबायचं नाही, पुसायचं नाही. मग धार.

त्याहून वाईट कारखान्याची राख. गाळप सुरू झालं की दिवाळीनंतर पार मार्चपर्यंत रायबाग, चिकोडी, गोकाक, अथणी सगळ्या बाजूला गाड्यांवर काळे तुसे पडतात. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर. दिसायला काजळीसारखी हलकी, म्हणून लोक बेफिकीर असतात. पहाटे दव पडतं, राख भिजून चिकटते, आणि कामावर जायच्या घाईत माणूस वायपर चालवतो, बॉनेटवर हात फिरवतो. तो ओला पॉलिश पेपरच झाला. काचेवरसुद्धा आधी तांब्याभर पाणी, मग वायपर.

कोरडी राख असेल तर फुंकर मारून, म्हणजे ब्लोअरने उडवा. ब्लोअर नसेल तर पाणीच. पिसांचा किंवा मेणाचा डस्टर गाळपाच्या दिवसांत डिकीत टाकून द्या.

मळीच्या टँकरमागे गाडी लागली आणि शिंतोडे उडाले तर कोमट पाणी पुरतं, साखरच ती. फक्त वाळायला देऊ नका. त्यावर धूळ बसली की खरवडायची पाळी येते.

नवी_चावी

सगळं वाचलं. पण अपार्टमेंटमध्ये रोज सकाळी एक जण येतो, एका बादलीत वीस गाड्या पुसतो. त्याला काय सांगायचं? महिन्याचे पैसे दिलेत हो.

शहापूर_पेठ

@नवी_चावी, त्याला सांगा, 'रोज आतून पूस, पायपुसण्या झटक, काचा कर, बाहेर हात लावू नको.' पैसे तेवढेच द्या. त्याचा रोजगारही बुडत नाही आणि रंगही वाचतो. बाहेरून पुसायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, तुमचे कापड, तुमची बादली, आधी दोन तांबे पाणी प्रत्येक पॅनेलवर.

त्या बादलीचं गणित बघा. पहिल्या गाडीची धूळ फडक्यातून बादलीत गेली, पिळलं, परत गाडीवर. दहाव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी चिमूटभर रेती साठलेली असते आणि फडकं दर वेळी तळालाच टेकतं. तुमची गाडी अठरावी असली तर सतरा गाड्यांची रेती तिच्यावर फिरते. त्यात ते फडकं म्हणजे जुना बनियन. शिवणीतला नायलॉनचा दोरा कडक असतो, तो वेगळा ओरखडतो.

उद्यमबाग_लेथ

आमच्या बाजूच्या गाड्यांचा आजार वेगळा आहे, तो कुणी घेतला नाही. उद्यमबाग, मच्छे इथे फाउंड्री आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ हवेत असते. रेल्वे रुळालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाही हेच. कण रंगात रुततो, पावसात गंजतो आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उठतात. लोक म्हणतात पत्रा गंजला. पत्रा नाही गंजलेला, वर बसलेला कण गंजलाय.

तपासायची युक्ती: गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं हलकी फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून खरबरीत लागेल.

उपाय शाम्पू नाही. कितीही घासा, रुतलेला कण हलत नाही, उलट आजूबाजूला रेघा पडतात. आयर्न रिमूव्हर नावाचं लिक्विड मिळतं. गाडी धुऊन, सावलीत, थंड पत्र्यावर फवारायचं. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. वास कुजक्या अंड्यासारखा, हातमोजे घाला. तीन ते पाच मिनिटं, वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. सुटले नाहीत तर दुसरा हात, घासाघीस नाही.

त्यानंतरही खरबरीत लागलं तर क्ले बार. पन्नास ग्रॅमचा तुकडा हातात मळून चपटी वडी करा, पॅनेलवर शाम्पूचं पाणी सढळ मारा आणि दोन बाय दोन फुटाच्या जागेत वडी नुसती सरकवा. जोर लावायचा नाही. अडखळणं थांबलं की ती जागा झाली. वडी मळकी झाली की दुमडून नवी बाजू. वडी हातातून जमिनीवर पडली तर टाकून द्या, धुऊन वापरायचा विचारही नको. रेती त्यात रुतते आणि दिसत नाही. वर्षातून एकदा-दोनदा पुरे, कारण क्लेसुद्धा अगदी बारीक रेघा देतं.

टिळकवाडी_४१

दुपारी गाडी धुतली की पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि रंग जाळतो, म्हणून डाग पडतात. दुपारी धुऊ नये ते याचसाठी.

बोअरचं_पाणी

@टिळकवाडी_४१, दुपारी धुऊ नये हे बरोबर, कारण चूक. पत्र्याला टेकलेल्या थेंबातून किरण एकत्र येतात ते पत्र्याच्या बरंच पलीकडे, आणि रंग जाळण्याइतकी उष्णता साठायच्या आधी थेंब आटून जातो. डाग पडतो तो पाण्यातल्या क्षारांचा. पाणी उडतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. एप्रिलमध्ये काळ्या गाडीचं बॉनेट सहज ६० अंशांच्या पुढे जातं, तिथे थेंब पुसायच्या आधीच सुकतो. त्यावर परत परत ऊन पडलं की कडा रंगात कोरल्या जातात.

बोअरचं पाणी किती जड आहे हे घरातच कळतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली, साबणाला फेस नाही, तर तेच पाणी गाडीवर थर धरणार. नदीचं, तळ्याचं, नळाचं पाणी बहुधा हलकं असतं.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडी धुणारे पुष्कळ आहेत. पाणी वाचवायची भावना चांगली, पण मशीनने गाळून बाहेर टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात आहेत. मूळ बोअरपेक्षा ते जड. फरशीला वापरा, चाकांना वापरा, शेवटच्या पाण्याला अजिबात नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी याउलट जवळजवळ बिनक्षाराचं, कारण ती हवेतली वाफ आहे. कापडाने गाळून शेवटच्या पुसणीला वापरा. पावसाळ्यात पागोळीचं पाणी चालतं, कौलांची धूळ पहिल्या दोन सरींत वाहून गेल्यावरचं.

डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. थंड पॅनेलवर, सावलीत, कापड भिजवून अर्धा-एक मिनिट ठेवायचं, पुसायचं, लगेच साध्या पाण्याने धुवायचं. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर नको. लिंबू चोळू नका, गर आणि साखर मागे राहते. संडास धुवायचं ॲसिड अलॉय चाकांवर टाकणारे महाभाग आहेत, त्यांनी पुढच्या वेळी चाकाचा क्लिअर कोट सोलताना बघावा. व्हिनेगरनेही डागाचा खड्डा दिसत राहिला तर तो कोरला गेलाय, मग पॉलिशच.

टिळकवाडी_४१

बरं, भिंगाचं मागे घेतलं. पण मग धुवायची रीत तरी कुणी एकदा नीट, मापासह लिहा. सगळे चुका सांगूलालाय.

शहापूर_पेठ

लिहितो. वेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. गाडी लांबून आली असेल तर बॉनेटवर तळहात ठेवा. हात आरामात राहिला पाहिजे.

दोन बादल्या, प्रत्येकी १५ लिटरच्या. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी असली तर उत्तम, तळाची रेती वर येत नाही. शाम्पू गाडीचाच, पीएच ७ च्या जवळपासचा. दहा लिटरला १० ते ३० मिली, बाटलीवर जे असेल ते, जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त निपटायला पाणी जास्त लागतं. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, पीएच १० च्या वर. ती मेण काढून टाकते, काळी प्लास्टिकं पांढुरकी करते, आणि नीट विरघळली नाही तर पावडरीचा दाणाच घासला जातो. भांड्याचं लिक्विड त्यामानाने सौम्य, पण तेही मेण नेतं. वर्षातून एकदा जुनं मेण काढायलाच ते वापरलं तर हरकत नाही, दर रविवारी नको.

आधी चाकं. वेगळी बादली, वेगळा ब्रश. ब्रेकची लोखंडी भुकटी चाकावर असते, ते कापड कधीही बॉडीला लागता कामा नये. चोर्ला किंवा आंबोली उतरून आला असाल तर डिस्क तापलेली असते. अर्धा तास थांबा, तापल्या डिस्कवर गार पाणी नको.

मग सगळ्या गाडीवर नुसतं पाणी, छपरापासून खाली. फोम गन असेल तर फोम, पाच मिनिटं, सुकायच्या आत धुवायचा. निम्म्याहून जास्त कण इथेच गेले पाहिजेत.

आता हात. स्पंज नको. स्पंजच्या सपाट तोंडाला कण आत जायला जागाच नाही, तो तसाच घसपटत जातो. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा मोजा घ्या, लांब धाग्यांत कण आत ओढला जातो. क्रम: छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी खालचा भाग आणि बंपर. एक पॅनेल झालं की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत चुबकायचा, पिळायचा, मगच शाम्पूत. मोज्याला वजन फक्त त्याच्या पाण्याचं. जोर लावावासा वाटला तर समजा पाणी कमी मारलंय.

शेवटी नळीचं तोंड मोकळं ठेवून, फवारा न करता, छपरावरून संथ पाणी सोडा. ते चादरीसारखं ओघळतं आणि निम्मे थेंब बरोबर नेतं. मग जाड वाळवायचा टॉवेल, ८०० ते १२०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), पसरून ठेवायचा आणि ओढून घ्यायचा. चोळायचं नाही. चामड्याची शॅमी वापरत असाल तर सोडा, तिच्यात कण लपायला जागा नाही.

कापडं सुती कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, सुताचा भुगा मायक्रोफायबर धरून ठेवतं. कपडे मऊ करायचं लिक्विडही नको, धाग्यावर थर बसून पाणी शोषणं बंद होतं. सावलीत वाळवा, पिशवीत ठेवा. दोरीवर धुळीत फडफडलेलं कापड परत गाडीवर, म्हणजे सगळं मुसळ केरात.

निपाणी_नाका

हे सगळं ठीक, पण यात पाणी किती गेलं? मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्याने दोन बादल्यांचं हे सोवळं कसं पाळायचं?

शहापूर_पेठ

बादल्या ३० लिटर, आधीचं आणि शेवटचं पाणी जपून वापरलं तर आणखी २५-३०. साठात बसतं. नळी उघडी सोडून धुणारा मिनिटाला दहा-बारा लिटर घालवतो, पंधरा मिनिटांत दीडशेच्या पुढे जातो. तेव्हा सोवळंच स्वस्त.

त्याहून कमी हवं तर रिन्सलेस वॉशचं लिक्विड, म्हणजे नंतर पाण्याने न धुता नुसतं पुसून घ्यायचं. ३० मिलीला साधारण आठ लिटर पाणी. पाच-सहा मायक्रोफायबर, ३००-४०० जीएसएमचे, त्याच बादलीत बुडवून ठेवायचे. आधी तेच पाणी फवाऱ्याने पॅनेलवर मारून एक मिनिट थांबायचं. एक कापड चार घड्यांचं, आठ बाजू होतात. एका बाजूने एकदाच, एकाच दिशेला ओढायचं, बाजू बदलायची. वापरलेलं कापड परत बादलीत टाकायचं नाही. मागून कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं. आठ लिटरमध्ये गाडी होते. पण ही रीत धुळीची. चिखल असेल, राखेचा थर असेल, तर चालणार नाही. अशा वेळी खरं तर गाडी मळकी राहू दिलेली बरी, मळ नुसता बसून राहिल्याने ओरखडे पडत नाहीत.

खानापूरकर

शेवटच्या वाक्याला एक पुरवणी. मळ बसू द्या, पण पाखराची घाण, चीक आणि किडे नाही. त्यांना तारीख देता येत नाही. पाखराच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं आणि उन्हात क्लिअर कोट जरा मऊ होऊन तिच्याभोवती परत कडक होतो, आकार तसाच उमटतो. उन्हाळ्यात काही तासांचा खेळ. पाण्याची बाटली आणि एक कापड गाडीतच ठेवा. ओलं कापड पाच मिनिटं वर ठेवायचं आणि वरच्यावर उचलायचं. पुसलं की विष्ठेतले खडे-बिया फिरतात.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी मोहराच्या दिवसांत जागा बदला. तुडतुड्यांचा चिकटा गळतो, त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशी. ताजा असताना शाम्पूने जातो.

सर्व्हिसिंग_रॅम्प

इथे कुणी बोललं नाही, पण एरवी सगळे आम्हा वॉशिंग सेंटरवाल्यांनाच झोडतात. एवढं पण झोडू नका. घरच्या बादलीपेक्षा आमचं पाणी जास्त, कण निघून जातो. अडचण पाण्याची नाही, पाण्यानंतर जे होतं त्याची. म्हणून आत गाडी घालताना काय सांगायचं ते लिहितो.

एक. पंपाचा दाब ८० ते १२० बार असतो. नोझल रंगापासून दीड-दोन फूट लांब, धार पंख्यासारखी. सुईसारखी एकधारी धार फक्त कमानीतल्या चिखलाला. खडी लागून जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे जवळून धार मारली तर पाणी कडेखाली शिरतं आणि रुपयाएवढा टवका पापडाएवढा होतो. परत रंगवलेल्या बंपरला हा धोका जास्त. रेडिएटरच्या पात्यांवर, पार्किंग सेन्सरवर, दरवाजाच्या रबरावर जवळून नको. इंजिनात तर मारूच देऊ नका, ओल्या कापडाने पुसलं की झालं.

दोन. मधे जो स्पंज किंवा ब्रश फिरतो तो कशाकशावर फिरलाय ते बघा. आधी ट्रॅक्टरची ट्रॉली, मग तुमची गाडी, असं बहुतेक ठिकाणी असतं. स्वतःचा मोजा घेऊन जा आणि सांगा, याच्यानेच कर. कुणी हसलं तर हसू दे. कण उडवून फोम आणि परत धार एवढंच केलं तरी नव्वद टक्के गाड्यांना पुरतं.

तीन. खालून डिझेल मारू देऊ नका. चकचकीत दिसतं, पण रबरी बुश फुगून मऊ होतात आणि त्या तेलावर धूळ लेपासारखी बसते. काही ठिकाणी रंगावर रॉकेलचं फडकं मारून चमक आणतात. ती चमक तेलाची असते, पहिल्या पावसापर्यंतची. डांबराचे ठिपके काढायला टार रिमूव्हर मिळतो, कापसावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर धरायचा. नंतर ती जागा शाम्पूने धुवायची.

चार. वाळवायला आमच्याकडे कंप्रेसरची हवा असते, ती मागून घ्या. आरसे, दरवाजाच्या कड्या, नंबर प्लेट यांतलं पाणी हवेनेच निघतं, नाहीतर निघाल्यावर वाटेत ओघळतं. आमचा टॉवेल मात्र नको म्हणा. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

रबिंग_मशीन

ज्यांच्या गाडीला जाळी पडून गेली आहे त्यांच्यासाठी. आधी नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, नादी लागू नका. नख अडकलं नाही तर जातो.

जातो म्हणजे काय, तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट कापून सपाट करतात. एका कटिंगला कंपाउंड आणि पॅडप्रमाणे दोन ते पाच मायक्रॉन जाऊ शकतात. सुरुवातीला होते ४०. ऊन अडवणारी औषधंही याच थरात. दर दिवाळीला 'रबिंग करून द्या' म्हणणाऱ्याचं पाच-सात वर्षांत छप्पर सोलायला लागतं, आणि मग तो कंपनीला शिव्या देतो. जन्मात दोनदा, फार तर तीनदा. त्याआधी मीटरने जाडी मोजून घ्या. ९०-१४० आली तर कंपनीचा रंग, २०० च्या पुढे परत रंगवलेला, ५०० च्या पुढे खाली लांबी (पुट्टी) भरलेली.

गोल फिरणाऱ्या मशीनला लोकरीचं पॅड लावून झटपट काम केलं की उन्हात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. त्यावर फिनिशिंग पॅडचा हात द्यावाच लागतो. काही जण तो न देता भरणीचं ग्लेझ चोळतात, रेघा बुजतात, तीन धुण्यांनंतर परत हजर. ताबा घ्यायच्या आधी एका कोपऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, पाचास एक, पुसून बघायला सांगा. रेघा परत दिसल्या तर काम झालेलं नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या '९एच'ला भुलू नका. ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, मोहचं नव्हे. थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि मळ लवकर सुटतो, धुणं सोपं होतं, हा त्याचा खरा फायदा. बादलीतली रेती त्यावरही ओरखडेच काढते. ओरखडा खरोखर अडवायचा तर १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, तिची किंमत ऐकून ठरवा.

नुकताच रंगवलेला पार्ट असेल तर महिना-दोन महिने मेण लावू नका, आतलं सॉल्व्हंट उडून जायला वाट मोकळी हवी. पहिले दोन आठवडे जेटही नको.

नवी_चावी

शेवटचा प्रश्न. चिंचलीला किंवा सौंदत्तीला देवीच्या दर्शनाला जाऊन आलं की गाडी भंडाऱ्याने पिवळी होते. पांढऱ्या गाडीवरून हळद जाता जात नाही. पावडर लावून घासलं तर लालच झाली!

बोअरचं_पाणी

लाल झाली ती पावडरीतल्या सोड्यामुळे. हळद आणि खार एकत्र आले की लाल, कुंकू असंच करतात. पावडर थांबवा. आधी कोरडी हळद हवेने उडवा, ओली केली की ती रबरात आणि प्लास्टिकच्या खाचांत जाऊन बसते. मग भरपूर पाणी एकदम, थोडं थोडं नाही. मग साधा शाम्पू. तरी पिवळी झाक उरली तर घासू नका, गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी करा. हळदीचा रंग उन्हात उडतो, साडीवरचा डाग उन्हात घालतात तसंच.

नवी_चावी

आणि खंडेनवमीला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक? ते उन्हात उडेल का?

बोअरचं_पाणी

हळदीचं जुनं कुंकू असेल तर उडेल. बाजारातलं बहुतेक आता रासायनिक रंगाचं असतं, तेलात कालवून लावलं की महिनाभर गुलाबी सावली राहते. स्वस्तिक काचेवर काढा. हार टेपने नाही, दोऱ्याने बांधा. आणि नारळ गाडीच्या पुढे जमिनीवर फोडा. पाणी काचेवर उडालंच तर वायपर चालवायच्या आधी तांब्याभर पाणी ओता, करवंटीचा चुरा त्यातच असतो.